खोलीचा आवाज

तीस सेकंद मिळालेत.
त्यातली पाच वाहिनीच्या बोधचिन्हाची,
चार वार आणि वेळेची.
उरल्या एकवीस सेकंदांत
एक फेरीबोट बुडवायची आहे, माणसांसकट,
आणि कुणाच्या घशात घास अडकू द्यायचा नाही,
कारण आधी माशांच्या वड्यांची जाहिरात आहे
आणि नंतर हवामान.

बर्गनमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या संकलनखोलीत
आयविंड म्हणतो, आगीपासून सुरू कर.
आग आहे आमच्याकडे, पण ती दुसऱ्याच बंदरातली,
दुसऱ्याच वर्षातली.
आग काय, कुणाचीही चालते, तो म्हणतो.
मी ती उचलून परत संग्रहात ठेवते.

मग शब्द.
'थरारक' खोडला.
'काळरात्र' खोडला: दुपारचे दोन वाजले होते,
डेकवर उन्हात कुणीतरी बटाटे सोलत होतं.
'शत्रूने' खोडताना हात थांबला.
विमान मित्रांचंच होतं.
वरून त्यांना धुरांडं दिसलं,
धुरांड्याखाली कोण, ते नाही.
ऐंशी वर्षांत ल्यूसविकमध्ये हे वाक्य
कुणी पूर्ण केलेलं नाही.
मी कुठून करू?

एकेचाळीस अंकात लिहायचं की अक्षरात,
यावर अख्खी सकाळ गेली.
अंकात लिहिलं की मैदानावरच्या गुणफलकासारखं दिसतं.

बोरगिल्ड तेव्हा नऊ वर्षांची होती.
तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तीन तास चित्रण केलं.
बुडण्याबद्दल ती दोन मिनिटं बोलली,
उरलेला सगळा वेळ हातमोज्यांबद्दल.
भावासाठी विणत होती, बोटीवरच.
डावा झाला होता, खिशात होता.
उजव्याचा अंगठा राहिला होता.
तो डावा टेबलावर होता. कॅमेरा जवळ सरकला
तसा तिने तो अलगद मांडीवर घेतला,
पाहुण्यांच्या पायांतून मांजर उचलावं तसा.
ते दृश्य आहे माझ्याकडे. सुंदर आलंय.
वापरणार नाही.

शेवटी ठरवलं, काहीच नको.
काळा पडदा, नावं, शांतता.
प्रक्षेपण विभागातून फोन आला:
शांतता सात सेकंदांच्या वर गेली
की यंत्राला वाटतं बिघाड झाला,
ते आपणहून संगीत सुरू करतं.
कसलं संगीत?
बासरी, तो म्हणाला. आणि मागे समुद्राच्या लाटा.

रात्री सगळं पुन्हा चाळलं,
तेव्हा ती फाईल सापडली, जी कुणी ऐकत नाही.
मुलाखत संपली की ध्वनिमुद्रक सगळ्यांना गप्प बसवतो
आणि नुसत्या खोलीचा आवाज भरून घेतो,
पुढे जोडकामातल्या फटी बुजवायला.
फ्रीजची घरघर. कुणाची तरी खुर्ची.
एकदा बोरगिल्डचा श्वास, आत घेतलेला.
बाहेर सोडल्याचा ऐकू येत नाही.
पाच वेळा ऐकलं. नाही येत.

त्या घरघरीवर नावं सोडली, एकामागून एक,
कुणाचंही वय न लिहिता.
एकवीस सेकंद, एकेचाळीस माणसं.
माणशी अर्धा सेकंद येतो
आणि अर्धा उरतो.
तो मी सिगवालला दिला, तिच्या भावाला.
आयविंडला सांगितलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी लागलं.
दोघांनी फोन करून विचारलं, आवाज गेलाय का तुमचा?
तिसरा फोन बोरगिल्डचा.
तो फ्रीज बदलला मी, म्हणाली,
फार आवाज करायचा.

मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
सवयीने मी मोजत होते.
सात झाले. आठ.
अकरा.
बासरी वाजली नाही.